तपासणी

कुंदा गायधनी नोट प्रेसमधून रिटायर झाल्या
त्याला आता तीन वर्षं झाली.
एकतीस वर्षं त्यांनी
कोऱ्या करकरीत नोटा उजेडात धरल्या
आणि चुकलेली तेवढी बाजूला काढली:
शाई फुटलेली, आकडा सरकलेला,
कडेला केसाएवढी रेघ जास्त.
"चुकलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही,
एवढंच माझं काम होतं," असं सांगतात
आणि हेल्मेटचा पट्टा खटकन लावतात.

आता दर रविवारी त्या
बाहेर गेलेलं चुकलेलं बघायला निघतात.
मी मागे बसते. माझ्याकडे पाणी,
दशम्या, लसणाची चटणी, आणि वही.

वहीत आत्तापर्यंत:
पिंपळगावच्या रस्त्यावर सिमेंटचा द्राक्षघड,
पुरुषभर उंच, रंग वांग्याचा.
पुढून एकशे बारा मणी, मागून एकोणऐंशी.
मागून कोण बघतंय?
सिन्नरकडे जाताना पत्र्याचा बैल,
नांगराच्या फाळांची शिंगं,
तीन पाय बैलाचे, चौथा सायकलचा चिमटा.
ओझरला चबुतऱ्यावर नाक वर करून
कायमचं निघालेलं विमान.
त्यात काही चुकलेलं सापडेना,
तेव्हा कुंदाताईंनी सरळ स्टार्टर दाबला.

आणि परवा तो बिबट्या.
दिंडोरीच्या अलीकडे, एका फाट्यावर.
फाट्याचं नाव सांगत नाही,
त्या गावाला आधीच फार चिडवतात.
कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सआडून
अर्धाच दिसत होता.
ठिपके गोल, कंपासने काढल्यासारखे.
तोंड मात्र सरळसरळ मांजराचं,
दूध मागायच्या बेतात.
मी इतकी हसले की वही हातातून पडली.
कुंदाताई हसल्या नाहीत.
अंगठ्याच्या पेराने
त्याच्या कानाची कड चाचपत राहिल्या.

टपरीवरचा माणूस बघत होता,
गाळणं हातात तसंच, थेंब गळतायत.
"वाघ ठरला होता," तो म्हणाला.
"पैसे आले बिबट्यापुरते.
खरा बिबट्या बघितलेला गावात एकच, शेवरेंचा गोपाळ.
त्याला इचारलं, तर म्हणे मी पाठ फिरवून पळालो,
तोंड कशाला बघतो?
मग आमचीच मांजर धरली समोर.
हलायची फार."

"तुम्ही केलाय?"
"प्लास्टर माझं. ठिपके पोरीचे.
सातवीत होती तेव्हा."
मग चहा ओतता ओतता, आमच्याकडे न बघता:
"उसातून घरी जाणारी पोरं रात्री
याला हात लावून जातात.
म्हणजे खरा येत नाही म्हणे."

तेव्हा दिसलं. त्याची पाठ, हात पोचेल तिथपर्यंत,
रंग जाऊन गुळगुळीत झाली होती.
आणि खाली, शेपटीच्या मुळाशी,
एक ठिपका गोल नव्हता.
पाच बोटांचा होता.
कुंदाताईंनी त्यावर आपला पंजा ठेवून बघितला.
बराच वेळ.

"रिजेक्ट?" मी पेन उघडून विचारलं.
त्यांनी चहाचे वीस रुपये काढले,
सवयीने नोट उन्हात धरली,
मग टपरीवाल्याला दिली.

येताना उगाच वाकडी वाट करून रामकुंडावर थांबलो.
गोदेला पाणी बेताचं, दुतोंड्या मारुतीचे पाय कोरडे.
पुरात सगळं गाव यालाच विचारतं:
गुडघ्याला लागलं का? छातीला?
आणि त्याच्या अंगावरून ठरवतं
दुकानातला माल कधी हलवायचा ते.
"दोन तोंडं," मी म्हटलं,
"हे तुमच्या टेबलावरून सुटलं असतं का?"
"बिबट्यापुढची ओळ कोरी ठेव," त्या म्हणाल्या.

ठेवली.
रात्री घरी वही उघडली तर
त्या ओळीवर पेन्सिलने काढलेला
एक लहानसा पंजा.
रेघ स्वच्छ, कुठे खाडाखोड नाही.
बोटं मी दोनदा मोजली.
सहा.